हप्त्याचा फोन

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथे चादरींच्या इस्त्रीवर जो माणूस होता, त्याला लहानथोर सगळे दादा म्हणत. त्याच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. हे नाव त्याला कुणी मानानं दिलेलं नव्हतं. ते त्याच्या फोनवरून पडलं होतं. महिन्यातून एकदा त्याचा फोन वाजायचा. मग तो हातातली चादर टाकून दाराशी पळायचा, एका कानात बोट घालायचा आणि यंत्रांच्या धडधडाटाच्या वर आवाज काढून ओरडायचा, "हां, दादा बोलतोय!" दुसऱ्या कुणाचा फोन त्याला आल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं. त्यामुळे खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला वाटायचं, याचं नावच दादा आहे.

फोन धाकट्या भावाचा असायचा आणि हप्त्याचा असायचा. बोलणं ठरलेलं.

"दादा, पैसे टाकलेत. आले का बघ."

"आले असतील. उद्या भरतो."

"बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! तू?"

"मी पण बरा."

"बरं मग."

"बरं."

एवढं झालं की फोन बंद. पण त्या दिवशी दादाचा नूर वेगळा असायचा. गरम रोलरमधून चादर सरळ बाहेर पडावी म्हणून दोघांनी तिची टोकं ताणून धरायची असतात. एरवी समोरच्याचं टोक जरा सैल पडलं की दादाच्या कपाळाला आठी पडायची. फोनच्या दिवशी मात्र चादरीला चुणी पडली तरी तो म्हणायचा, "राहू दे रे, पेशंट काय चुण्या मोजत बसणार आहे?" कोपऱ्यात शिलाई मशीनवर फाटक्या चादरी आणि अभ्रे शिवणारी एक बाई होती. तिला सगळे टाकेमावशी म्हणत. ती दोरा तोडता तोडता मान वर न करताच म्हणायची, "आला वाटतं भावाचा फोन."

या हप्त्याची सुरुवात पार मागे, दादाच्या तरुणपणात झाली होती. वडील एका शाळेच्या फाटकावर पहारेकरी होते. ते अचानक गेले तेव्हा दादा लेथ मशीनचं काम शिकत होता. ते अर्धवट सोडून तो धुलाईखात्यात लागला. त्यात त्याला फार मोठा त्याग वगैरे केल्यासारखं कधी वाटलं नाही. घरात खाणारी तोंडं तीन आणि कमावणारं एकही नाही, मग दुसरं करणार काय? शिवाय धाकटा हुशार होता. गणितात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. शेजारपाजारचे म्हणायचे, हा घराचं नाव काढेल. दादालाही ते पटलेलं होतं.

सरकारी कॉलेजातली इंजिनिअरिंगची जागा धाकट्याची थोडक्यात हुकली. खासगी कॉलेजात मिळाली. तिथला फीचा तक्ता बघून आईच्या तोंडचं पाणीच पळालं. इमारतीचे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे, ग्रंथालयाचे वेगळे, आणि सगळ्यात खाली 'इतर' म्हणून आणखी एक भलामोठा आकडा. आई म्हणाली, "हे शिकवायचे पैसे घेतायत की अख्खं कॉलेज विकतायत आपल्याला?" धाकटा जेवणावरून उठला आणि पुस्तकं आवरून कपाटात ठेवायला लागला. ते पुस्तकं आवरणं दादाला बघवलं नाही. तो म्हणाला, "बँक देते म्हणे शिक्षणाला. चल, विचारून तर बघू."

बँकेत कर्जाच्या टेबलावर जाड चष्म्याचे एक साहेब होते. त्यांनी कागद पुढे सरकवले आणि विचारलं, "सहकर्जदार कोण?"

दादानं भावाकडे पाहिलं, भावानं साहेबांकडे.

"म्हणजे असं बघा," साहेब म्हणाले, "यानं नाही फेडलं तर कोण फेडणार?"

"मी," दादा म्हणाला.

"नातं?"

"मोठा भाऊ."

पगारपत्रक सोडून दुसऱ्या कशावर त्यानं तोवर सही केली नव्हती. त्या दिवशी प्रत्येक पानावर त्यानं सावकाश, वळणदार सही केली. छाती फुगली होती त्याची. बाहेर आल्यावर आई, दादा आणि धाकटा तिघांनी टपरीवर उभ्यानं चहा घेतला. धाकटा म्हणाला, "दादा, नोकरी लागली की वर्षा-दोन वर्षांत फेडून टाकतो बघ." दादानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यावेळी तिघांचाही त्या बोलण्यावर विश्वास होता.

पुढची चार वर्षं पोटाला चिमटा काढून गेली. दर वर्षी फी वाढायची, वसतिगृहाचे पैसे वाढायचे, मग पुन्हा बँकेत जाऊन कर्ज वाढवून घ्यायचं. मुलगा शिकत असेपर्यंत हप्ता नसतो, एवढंच दादानं ऐकलं होतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. धाकटा वरच्या वर्गात जायचा तसं व्याजही वरच्या वर्गात जायचं. फरक एवढाच की धाकटा एका विषयात एकदा नापास झाला. व्याज कधी झालं नाही.

पदवी हातात आली आणि नेमक्या त्याच वर्षी कारखान्यांनी भरती बंद केली. धाकट्यानं अर्जांवर अर्ज केले. मुलाखतींना जायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. शर्टाची इस्त्री दादाची, तेव्हा तिला नाव ठेवायला जागा नव्हती. पण नोकरी काही मिळेना. वर्ष गेलं. हप्ता न भरण्याची बँकेनं दिलेली सवलत संपली. एके दिवशी रुग्णालयाच्या कार्यालयातून दादाला वर बोलावणं आलं. मुख्य कारकून चारचौघांत म्हणाला, "तुमच्या नावानं वसुलीवाल्यांचा फोन होता. असले फोन इथे येता कामा नयेत." दादा मान खाली घालून जिना उतरला. त्या महिन्यापासून हप्ता तो भरायला लागला. सकाळची पाळी संपली की दुपारची जादा पाळी घ्यायची, आणि घरी येऊन पडायचं.

रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर एक मुलगी बसायची. पांढरे कोट धुवायला द्यायच्या निमित्तानं ती तळघरात यायची, आणि कोट धुतलेले असले तरी यायची. दोघं कधीमधी उपाहारगृहात चहा घ्यायची. ती हसताना तोंडावर हात ठेवायची, आणि दादाला तो हात बाजूला करावासा वाटायचा, पण त्यानं कधी केला नाही. एकदा तिनं सरळच विचारलं, "घरी माझं बघतायत. तुमचं काय ते सांगा." त्यानं कर्जाचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"कधी फिटेल?" तिनं विचारलं.

"धाकट्याला नोकरी लागली की लवकर फिटेल."

"आणि नाही लागली तर?"

ती वर्षभर थांबली. मग एके दिवशी म्हणाली, "रागावू नका, पण माझ्याच्यानं आता नाही थांबवत." तो रागावला नाही. तिच्या लग्नाला खात्यातले सगळे गेले. दादानं त्या दिवशी जादा पाळी घेतली. सगळे गेल्यामुळे पाळी मिळायला काही अडचण आली नाही.

त्याच वर्षी आई गेली. दोन खोल्यांचं घर, आणि त्यात दोघं भाऊ उरले. एक कामावर जाणारा, दुसरा भिंतीकडे तोंड करून पडणारा.

आणि मग ते बोलणं झालं. दादा दोन्ही पाळ्या करून रात्री घरी आला होता. पायांना सूज होती. बूट काढायला तो उंबऱ्यातच बसला. आतून धाकट्यानं सांगितलं, "आज एका गोदामातून बोलावणं आलं होतं. नाही म्हणालो. पेट्या मोजायला शिकलो का मी एवढा?"

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणं माणूस विसरतो. पण तो बुटाची नाडी सोडता सोडता, वरही न बघता, अगदी हळू म्हणाला, "तुझ्या शिक्षणापायी माझं आयुष्य गहाण पडलंय. निदान व्याजापुरता तरी हल."

आतून अंथरूण गुंडाळल्याचा आवाज आला. दादाला वाटलं, उठावं, आत जावं, काहीतरी म्हणावं. पण दुसऱ्या बुटाच्या नाडीची गाठ बसली होती. ती सोडवण्यात वेळ गेला, आणि वेळ गेला तो गेलाच.

आठवडाभरात धाकट्यानं लांबच्या शहरात तसलंच काहीतरी गोदामातलं काम धरलं आणि तो गेला. गाडी निघाली तेव्हा दादा कामावर होता. महिना संपताना खिशातला फोन वाजला. "दादा, थोडे पैसे टाकलेत. आले का बघ."

तेव्हापासून हा फोन.

पुढे धाकट्याचं बरं झालं. गोदामातून तो एका कारखान्यात गेला, तिथून नकाशे काढणाऱ्या कचेरीत. हप्ता पूर्ण यायला लागला आणि वसुलीवाल्यांचा ससेमिरा सुटला. दादाला जादा पाळीची गरज उरली नाही. तरी तो ती घ्यायचा. घरी जाऊन करायचं काय?

धाकट्याच्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी त्याला हप्त्याच्या फोनच्या शेपटाला लागून कळल्या. एकदा धाकटा म्हणाला, "दादा, गेल्या आठवड्यात लग्न केलं. कचेरीत जाऊन नोंदणीच केली फक्त. म्हटलं, तुला उगाच रजा काढायला नको."

"बरं केलंस," दादा म्हणाला.

आत येऊन त्यानं टाकेमावशीला सांगितलं, "आमच्या धाकट्याचं लग्न झालं." तिनं मशीन थांबवलं. मुलगी कशी आहे, नेसली काय होती, कोण कोण आलं होतं, तिचे प्रश्न संपेनात. दादानं ठोकून दिलं, "निळ्या साडीत होती. उंच आहे. फार थोडी माणसं होती, घरचीच." टाकेमावशीनं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या एका फोनमध्ये मागे बारीक रडण्याचा आवाज आला.

"कोण रडतंय रे?"

"मुलगी."

"कुणाची?"

"माझी, दादा. तीन महिन्यांची झाली."

"अरे वा," दादा म्हणाला. खरं तर त्याला पुष्कळ विचारायचं होतं. पण धाकटा म्हणाला, "बरं मग," आणि सवयीनं याच्याही तोंडून निघून गेलं, "बरं."

पैसे परस्पर खात्यातून कापून घ्यायची सोय बँकेत केव्हाची झाली होती. कर्जाच्या टेबलावर आता एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्या दर वेळी म्हणायच्या, "दादा, एक अर्ज द्या, तुमचा हेलपाटा वाचेल." धुलाईखात्यातलं नाव बँकेतही पोचलं होतं. दादा म्हणायचा, "असू द्या, मला काही लांब नाही पडत." खरं म्हणजे दोन बस बदलून जावं लागायचं. त्या दिवशी तो दाढी करायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि रांगेत उभा राहायचा. पैसे भरून झाले की बाकड्यावर जरा टेकायचा. आदल्या दिवशीचं बोलणं मनात एकदा पुन्हा घोळवायचा. यावेळी 'बरा आहेस ना' म्हणताना आवाज जरा बसलेला होता का? सर्दी असेल. पोरीमुळे झोप होत नसेल. चार शब्दांतून माणूस किती म्हणून काढणार, पण दादा काढायचा.

एकदा मॅडम पावती देताना हसून म्हणाल्या, "आता थोडंच राहिलं हं. उरकत आलं."

दादा पावती हातात घेऊन तसाच उभा राहिला. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला. दादा म्हणाला, "मॅडम, एक विचारू? हप्ता कमी करता येईल का?"

"का हो, काही अडचण आहे का?"

"अडचण काही नाही. म्हणजे हप्ता छोटा केला तर आणखी काही वर्षं चालेल ना?"

मॅडमना आधी हसू फुटलं. "अहो, लोक इथे व्याज माफ करा म्हणून रडतात, आणि तुम्ही कर्ज लांबवायला आलात? उलट जास्तच पैसे जातील की तुमचे."

"जाऊ देत."

त्याच्या तोंडाकडे बघून मॅडमचं हसू आवरलं. त्या जरा वेळानं म्हणाल्या, "कर्ज तुमच्या भावाच्या नावावर आहे, दादा. अर्ज त्यांना करावा लागेल. विचारू का त्यांना?"

"नको, नको," दादा घाईनं म्हणाला. "मी आपलं सहज विचारलं." आणि तो पावती खिशात कोंबून बाहेर पडला.

त्यानंतरच्या एका महिन्यात फोन नेहमीपेक्षा आधीच आला.

"दादा, एक सांगायचं होतं. मला थोडे जास्तीचे पैसे मिळाले. राहिलेलं सगळं एकदम भरून टाकलं. आता तुला बँकेत जायला नको."

दादाच्या मागे ओल्या चादरींचा ड्रम गरगरत होता.

"ऐकतोयस ना, दादा? सुटलास तू आता."

"हो. बरं झालं."

"बरं मग."

यावेळी दादानं उलट 'बरं' म्हटलं नाही. त्याला वाटलं, आपण म्हटलं नाही तर बोलणं संपायचं नाही. पण पलीकडचा फोन बंद झालाच.

खात्यात बातमी पसरली. सगळ्यांनी त्याच्याकडून चहा उकळला. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, आता एक चांगला मोठा टीव्ही घ्या, कुणी म्हणालं, आता लग्नाचं बघा दादा, केस काळे केले की अजून खपून जाल. दादा सगळ्यांबरोबर हसला. टाकेमावशीनं चहा घेतला, पण ती हसली नाही.

पुढच्या महिन्यात फोन आला नाही. येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तो दिवसभर यंत्राजवळून हलला की फोन बघायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली, शर्टाला इस्त्री केली आणि बसमध्ये बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला कुठेच जायचं नाही. तरी तो गेला. बँकेतल्या त्या बाकड्यावर जाऊन बसला. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानं ओळखीनं विचारलं, "आज काय काम काढलं?" दादा म्हणाला, "काही नाही, ऊन फार आहे." आणि वाऱ्यासाठी आल्यासारखा पंख्याकडे बघत राहिला.

असे काही महिने गेले. फोन मुका झाला. जाहिरातींचे आवाज काय ते यायचे, तेही माणसांचे नसायचे. घरात तो स्वतःशी मोठ्यानं बोलायला लागला होता. एकदा कुकरची शिट्टी झाल्यावर तो म्हणाला, "आलो, आलो," आणि मग बराच वेळ ओट्याशी उभाच राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे हिशेब बरोबर होता. ज्या कारणानं भाऊ फोन करत होता ते कारण संपलं, तर फोन का करेल? त्यात त्याची काय चूक?

शेवटी टाकेमावशीनंच विषय काढला. अभ्र्याची शिवण उसवत ती म्हणाली, "फोन तिकडूनच यायला पाहिजे असा काही नियम आहे का?"

"करू, पण बोलू काय?"

"त्यात बोलायचं काय? कसा आहेस म्हणा. पोरगी काय म्हणते म्हणा."

"आणि तो म्हणाला, का फोन केलास, तर?"

"भाऊ आहे म्हणून केला म्हणा! आता हेसुद्धा मी शिवून देऊ का तुम्हाला?"

रविवारी सकाळी दादानं घरी बसून फोन लावला. लावण्याआधी घसा खाकरून घेतला. पलीकडून लगेच घाबरा आवाज आला.

"दादा? काय झालं? बँकेचं काही राहिलं का?"

आपला नंबर दिसला आणि भावाला पहिली आठवण बँकेची झाली.

"नाही रे. काही राहिलं नाही."

"मग? तब्येत वगैरे?"

"तब्येत ठणठणीत आहे. मी म्हटलं..." पाठ केलेलं सगळं पार विसरून गेलं होतं. "मी म्हटलं, तिकडे यावं का चार दिवस. तुझी अडचण नसेल तर."

धाकटा म्हणाला, "ये ना. अडचण कसली?"

दादा गेला. रात्रभराचा प्रवास करून उतरला, तेव्हा धाकटा थांब्यावर घ्यायला आला होता. दोघांनीही एकमेकांना जरा उशिरानंच ओळखलं. धाकट्याचे केस विरळ झाले होते आणि तो थेट वडिलांसारखा चालत होता. दादाची पिशवी कुणी घ्यायची यावरून थोडी ओढाताण झाली, आणि मग पिशवीचा एकेक बंद धरून दोघं चालत घरी आले.

घर उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर, नीटनेटकं. धाकट्याची बायको उंच नव्हती, ठेंगणी आणि हसऱ्या तोंडाची होती. तिनं नमस्कार केला आणि दादा म्हणून हाक मारली. दादाची पंचाईत अशी झाली की तिला तू म्हणायचं की तुम्ही, हे त्याचं ठरेना. म्हणून चार दिवस तो अशीच वाक्यं बोलत राहिला ज्यांत दोन्ही यायचं नाही. "चहा फक्कड झालाय." "भाजी छान." "आज कामावर जायचंय वाटतं." मुलगी शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गात होती. आईनं सांगितलं, "हे तुझे मोठे काका." तिनं विचारलं, "कुठले?" आणि उत्तराची वाट न बघता ती खेळायला पळाली.

धाकटा मात्र दिसायचाच कमी. दिवसभर कचेरी, संध्याकाळी एका शिकवणीवर्गात गणित शिकवायला, रविवारी दुपारीही कुठेतरी. जेवताना त्याचे डोळे मिटायला लागायचे.

"एवढं कशाला मरमर करतोस?" दादानं विचारलं. "आता तर कर्जही नाही."

"हिच्यासाठी टाकतोय बाजूला," धाकटा मुलीकडे बघत म्हणाला. "आत्तापासून नाही टाकले तर जमायचं नाही. हल्लीची फी ऐकलीयस का? आपल्या वेळची काहीच नव्हती म्हणायची." मग घास चावून झाल्यावर, ताटाकडे बघत, "हिच्यासाठी कुणाला सही करायला लागता कामा नये."

दादानं पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी धाकटा गॅलरीत धुतलेले कपडे वाळत घालत होता. दादा सवयीनं पुढे झाला. दोघांनी एक चादर धरली, झटकली, टोकं जुळवली. काम हातात आल्यावर दादाला धीर आला.

"त्या दिवशी मी जे बोललो ना," तो म्हणाला.

"कुठल्या दिवशी?" धाकट्यानं विचारलं. पण त्याचे हात थांबले होते.

"गहाणाचं. तसं बोलायला नको होतं मी."

धाकट्यानं चादरीला चिमटा लावला. दुसरा लावला. दादानं प्रवासभर मनात तयारी केली होती. भाऊ चिडला तर काय म्हणायचं, आणि 'विसर रे ते' म्हणाला तर काय म्हणायचं, दोन्ही ठरलं होतं.

धाकटा म्हणाला, "तू खोटं कुठे बोललास, दादा? खरंच होतं ते."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आज वार कोणता, हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. दादानं बादलीतला पुढचा अभ्रा उचलून झटकला.

थोड्या वेळानं धाकटाच म्हणाला, "मला वाटायचं, माझा फोन आला की तुला ते सगळं आठवत असेल. म्हणून लवकर उरकायचो. फेडून टाकलं की निदान तुझ्यामागची माझी कटकट तरी संपेल."

"मला वाटायचं, तुला घाई असते."

"नव्हती."

"मलाही नव्हती."

एवढ्यात आतून हाक आली, चहा गार होतोय म्हणून. दोघं आत गेले. पुढे त्या विषयावर बोलणं झालं नाही. किती वर्षांचं साचलेलं, ते एका चादरीच्या वाळवणीत निघणार थोडंच!

संध्याकाळी थांब्यावर धाकट्यानं परस्पर तिकीट काढलं. दादानं पैसे पुढे केले. धाकटा म्हणाला, "ठेव." दादा म्हणाला, "घे मुकाट्यानं, मी मोठा आहे." "मोठा आहेस म्हणून काय सगळं तूच भरणार?" "भरेन! तुला काय करायचंय?" आवाज चढले. आजूबाजूचे बघायला लागले. दादा गाडीत चढून खिडकीशी बसला, कंडक्टरनं शिट्टी वाजवली, तरी नोट दोघांच्या मध्ये हेलकावे खात होती. शेवटी गाडी हलली आणि नोट दादाच्याच हातात राहिली. खिडकीतून त्यानं पाहिलं, धाकटा रागावलेल्या तोंडानं तिथेच उभा होता. शेजारचं आसन रिकामं होतं. दादानं त्याच्यावर पिशवी ठेवली आणि वळण येईपर्यंत मान मागे वळवून बसला.

सकाळी गाडीतून उतरून तो तसाच कामावर आला. घरी जाऊन कुणाला सांगायचं होतं, आलो म्हणून? चार दिवसांच्या चादरींचा ढीग पडला होता. टाकेमावशीनं विचारलं, "कशी आहे भावजय?" तो म्हणाला, "ठेंगणी आहे." ती म्हणाली, "असू दे," आणि मशीन सुरू केलं.

दुपारी जेवायला बसताना त्यानं फोन पाहिला. धाकट्याचा फोन येऊन गेला होता. यंत्रांच्या आवाजात त्याला ऐकूच आला नव्हता. त्यानं घाईनं उलट लावला. पलीकडे वाजत राहिला, कुणी उचलला नाही. कचेरीत असेल. त्यानं पुन्हा लावला नाही. मग दिसलं, खाली एक संदेशही होता.

"पोचलास का?"

दादानं हात पँटला पुसले आणि एका बोटानं उत्तर लिहिलं, "पोचलो." ते गेलं. त्याला आणखी काहीतरी लिहायचं होतं. त्यानं लिहिलं, "मुलगी शाळेत गेली का," मग ते पुसलं. लिहिलं, "तू एवढं काम करू नकोस," तेही पुसलं. डबा उघडाच राहिला होता. आतून कुणीतरी ओरडलं की ड्रम थांबलाय, चादरी काढायच्या आहेत. दादानं डब्याचं झाकण लावलं, फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, आणि तो वाफेत शिरला.